दीर्घिकांच्या वस्त्या : विश्वातील गर्दी मोजण्याचा इतिहास, कृष्णाकाठावरून

#थ्रेड #इतिहास #खगोलेतिहास

१/ सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा नकाशा समोर ठेवा. रस्ते, सीमा, नद्या, नावे सारे पुसून टाका; फक्त गावांची टिंबे राहू द्या. ती सारखी पसरलेली दिसणार नाहीत. काही रांगा धरून जातात, वाई, सातारा, कऱ्हाड, सांगली येथे दाटतात आणि डोंगरमाथ्यांवर विरळ होतात. नदी पुसली तरी टिंबांवरून कृष्णेचे खोरे ओळखू येते.

२/ विश्वाच्या नकाशावर गावांच्या जागी दीर्घिका असतात. त्याही रांगांनी जातात, रांगा मिळतात तेथे दाटतात आणि मधे प्रचंड ओसाड पट्टे सोडतात. हे माणसाला कळले ते मोजणीतून, आणि मोजणीचा अर्थ लावताना झालेल्या भांडणांतून. त्या इतिहासात कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण, खोडदच्या माळावरील दुर्बीण आणि पुण्याने शोधलेली ‘सरस्वती’ यांना ठळक जागा आहे. त्याचा हा धागा.

३/ आधी शब्दांविषयी. आपला सूर्य ज्या तारकासंघात आहे ती आकाशगंगा. तशा प्रत्येक तारकासंघाला मराठीत ‘दीर्घिका’ म्हणतात. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे किंवा पायऱ्यांची विहीर. शेकडो-हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या की दीर्घिका-समूह, म्हणजे क्लस्टर. आणि असे अनेक समूह मिळून महासमूह, म्हणजे सुपरक्लस्टर. आपल्या भाषेने आकाश पाण्याच्या शब्दांत मांडले आहे, हे लक्षात असू द्या.

४/ असे शब्द मराठी वाचकाच्या हाती देण्याचे मोठे काम वाईत झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश येथेच आकाराला आला. आधी १९७३ मध्ये परिभाषासंग्रह निघाला, मग १९७६ मध्ये पहिला खंड. धर्मकोशासारखे शास्त्रग्रंथ सिद्ध करणाऱ्या गावातच रेडिओ खगोलशास्त्रावरही मराठीत नोंदी लिहून घेतल्या गेल्या. प्राज्ञपाठशाळेच्या परंपरेतील पंडिताला यात विसंगती वाटली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

५/ आता मोजणीकडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हर्शेल दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात येणारे तारे दिशेदिशेने मोजत होता. आकाशातील धूसर ठिपके, त्यांना तेव्हा तेजोमेघ म्हणत, काही दिशांना अधिक दाटले आहेत हे शार्ल मेसिए आणि हर्शेल या दोघांच्याही ध्यानात आले होते. कन्या राशीच्या दिशेची ही दाटी म्हणजे आपल्याला सर्वांत जवळचा मोठा दीर्घिका-समूह. दाटी दिसली होती. ती कशाची आहे, हे कळायला सव्वाशेहून अधिक वर्षे जायची होती.

६/ १९२०च्या दशकात एडविन हबल याने देवयानी तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे आहे हे सिद्ध केले आणि ठिपक्यांच्या दीर्घिका झाल्या. १९३४ मध्ये त्याने सुमारे ४४,००० दीर्घिकांच्या मोजणीचा निष्कर्ष मांडला. मोठे क्षेत्र घेऊन सरासरी काढली तर सर्व दिशांना संख्या सारखी येते. लहान चौकटी घेतल्या तर काही भरगच्च आणि काही जवळजवळ रिकाम्या निघतात. ‘सारखे’ आणि ‘विषम’ ही दोन्ही उत्तरे खरी होती. प्रश्न होता तो चौकट केवढी घ्यायची याचा.

७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. तालुक्याची सरासरी काढली तर गावोगावची विषमता दिसत नाही. एकेक गाव पाहिले तर प्रदेशाचा कल दिसत नाही. विश्वशास्त्रासाठी मात्र हा जीवनमरणाचा प्रश्न होता. विश्वाची सगळी गणिते एका गृहीतकावर उभी आहेत : पुरेशा मोठ्या मापावर विश्व सर्वत्र सारखे आहे. ते ‘पुरेसे मोठे माप’ कोणते, हे ठरल्याशिवाय गृहीतक तपासता येत नाही.

८/ १९५८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज एबल या संशोधकाने पालोमार वेधशाळेने घेतलेल्या आकाशाच्या छायापट्ट्या भिंगाखाली एकेक करून तपासल्या आणि २,७१२ दाट समूहांची सूची केली. संगणकाची मदत नव्हती. सारे काम डोळ्यांनी. पण त्याने नियम आधी ठरवले होते : ठरावीक त्रिज्येत, ठरावीक तेजाच्या पुरेशा दीर्घिका असतील तरच तो समूह. नियम आधी आणि मोजणी नंतर, म्हणून ती सूची पुढे अनेक दशके टिकली.

९/ एबलला आणखी एक गोष्ट दिसली. हे समूहसुद्धा आकाशात यदृच्छेने विखुरलेले नाहीत. समूहांचेही समूह आहेत. फ्रिट्झ झ्विकी याला हे मान्य नव्हते. विषय डोळ्यांवर सोपवून सुटणारा नव्हता. मूठभर तांदूळ फरशीवर टाकले तरी आपल्याला त्यांत रांगा आणि गोल दिसू लागतात. दिसलेली रचना खरी की योगायोगाची, हे ठरवायला संख्याशास्त्र हवे होते.

१०/ येझी न्यूमन आणि एलिझाबेथ स्कॉट या संख्याशास्त्रज्ञांनी १९५२ पासून या प्रश्नाची गणिती मांडणी केली. पुढे रूढ झालेली कसोटी सोपी आहे. नकाशावरील प्रत्येक दोन टिंबांतील अंतर मोजा. मग तितकीच टिंबे यदृच्छेने टाकून तीच मोजणी करा. ठरावीक अंतरावरच्या जोड्या खऱ्या नकाशात जितक्या जास्त, तितकी त्या मापावर दाटी. यालाच सहसंबंध फलन म्हणतात. वाई तालुक्यातील गावांना ही कसोटी लावली तरी खोऱ्याची छाप आकड्यांत उमटेल.

११/ आता कथेतील भांडण. १९५०च्या दशकात विश्वाविषयी दोन मते होती. एक : विश्व महास्फोटाने सुरू झाले आणि काळानुसार बदलत गेले. दुसरे, फ्रेड हॉइल, हरमान बाँडी व थॉमस गोल्ड यांचे : विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने त्याचे रूप सदैव तेच राहते. हा स्थिर स्थिती सिद्धांत. केंब्रिजच्या मार्टिन राइल याने ठरवले, की याचा निकाल मोजणीने लावायचा.

१२/ राइलची युक्ती अशी. रेडिओलहरी सोडणारे स्रोत अवकाशात सारखे पसरलेले आहेत असे धरा. चौपट मंद स्रोतांपर्यंत पाहिले म्हणजे दुप्पट अंतरापर्यंत पाहिले. दुप्पट अंतर म्हणजे आठपट घनफळ, म्हणून आठपट स्रोत. स्थिर स्थितीच्या प्रसरणशील विश्वात हा आकडा आठापेक्षा कमी यायला हवा. जास्त आला तर अर्थ हा, की दूर, म्हणजे भूतकाळात, स्रोत अधिक होते. विश्व बदलले आहे.

१३/ १९५५ मध्ये राइलच्या गटाने १,९३६ स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. चौपट मंद गेल्यावर संख्या आठपट न वाढता सुमारे चौसष्टपट वाढत होती! स्थिर स्थितीचा पराभव जाहीर झाला. पण सिडनीहून बर्नार्ड मिल्सच्या गटाने आकाशाचा तोच भाग मोजला, तेव्हा दोन याद्या जुळेनात. केंब्रिजच्या उपकरणाने जवळजवळचे अनेक मंद स्रोत एकात मिसळून मोजले होते. यादीतील पुष्कळ ‘स्रोत’ प्रत्यक्षात नव्हतेच.

१४/ दप्तर वाचणाऱ्यांनी येथे थबकावे. वाईजवळच्या मेणवलीतील नाना फडणवीसांच्या दप्तरावरून अठराव्या शतकातील महाराष्ट्र उभा करायचा झाला, तर जेथून नानांकडे पत्रे येत ती ठिकाणे उजळ दिसतील आणि जेथून आली नाहीत ती अंधारात राहतील. साधन स्वतःचा आकार चित्राला देते. दुर्बीणही असेच एक दप्तर आहे. तेजस्वी दीर्घिका दुरूनही नोंदल्या जातात, मंद फक्त जवळच्या. हा दोष आकड्यांतून वजा केल्याखेरीज कोणताही नकाशा विश्वसनीय नाही.

१५/ राइलने उपकरणे सुधारली, पुन्हा मोजणी केली आणि १० फेब्रुवारी १९६१ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत नवे निष्कर्ष मांडले. वाढ आता आठाऐवजी सुमारे बारापट येत होती. स्थिर स्थितीच्या बाजूने उत्तर द्यायचे होते. हॉइलला अन्य काम होते. त्याने ते काम संशोधनाच्या पहिल्याच वर्षात असलेल्या आपल्या विद्यार्थ्यावर सोपवले. त्या विद्यार्थ्याचे वय २२. नाव जयंत विष्णू नारळीकर.

१६/ नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. आई सुमती संस्कृतच्या विदुषी. केंब्रिजमध्ये हॉइलबरोबर त्यांनी जे उत्तर तयार केले, त्याचा गाभा आपल्या विषयाशी भिडतो. ते असे : स्रोत सारखे पसरले आहेत हे गृहीतकच तपासा. सुमारे ५० मेगापार्सेकच्या, म्हणजे सोळा कोटी प्रकाशवर्षांच्या मापावर विश्व विषम असेल, आणि आपण एखाद्या विरळ भागात असू, तर जवळचे स्रोत कमी भरतील आणि दूरचे उगाच जास्त वाटतील.

१७/ पुसेगावच्या यात्रेच्या दिवशी कोणी शेजारच्या ओसाड माळावर उभा राहिला, तर त्याला वाटेल की आपल्यापासून दूर जावे तसतशी माणसे वाढतात. त्यावरून साऱ्या जिल्ह्याचा नियम काढणे चूक ठरेल. नारळीकर-हॉइल यांचा युक्तिवाद याच जातीचा होता. गणना १९६१ मध्येच शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. अडचण एकच : एवढ्या मोठ्या मापावर विषमता असते, हे तेव्हा बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना मान्य नव्हते.

१८/ पुढे काय झाले ते स्पष्ट सांगितले पाहिजे. स्थिर स्थिती सिद्धांत हरला. १९६५ मध्ये पेंझिअस व विल्सन यांना सर्व दिशांनी सारखे येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले. महास्फोटाच्या चित्रात ते सहज बसत होते. रेडिओ स्रोतांची जास्तीची संख्याही खरी ठरली. भूतकाळात असे स्रोत अधिक होते, आणि स्थानिक विरळपणाने तेवढी वाढ समजावता येत नव्हती. राइलचा पहिला आकडा चुकीचा होता, पण निष्कर्षाची दिशा बरोबर निघाली.

१९/ भारतातूनही याला पुष्टी मिळाली. गोविंद स्वरूप यांनी उटीजवळ उभारलेल्या दुर्बिणीने, चंद्राआड जाणाऱ्या रेडिओ स्रोतांचे आकार मोजले. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांच्या निष्कर्षांनी, दूरचे स्रोत जवळच्यांहून वेगळे असल्याचे, म्हणजे विश्व बदलत असल्याचे सूचित केले. हे दोघे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. आणि १९७२ पासून त्याच संस्थेत नारळीकर. एकाच छताखाली सिद्धांताचा पाठीराखा आणि त्याविरुद्धचा पुरावा दोन्ही नांदत होते. विद्येची संस्था अशीच असावी.

२०/ पण हरलेल्या बाजूचे गृहीतक मात्र जिंकले. १९७८ च्या सुमारास एस्टोनियाचे योव्हेर व आइनास्तो, तसेच अमेरिकेचे ग्रेगरी व थॉम्प्सन यांनी दीर्घिकांच्या रांगा आणि त्यांमधील पोकळ्या दाखवल्या. १९८१ मध्ये भूतप राशीच्या दिशेला प्रचंड पोकळी आढळली. १९८६ मध्ये द लापारां, गेलर आणि हुक्रा यांनी सुमारे १,१०० दीर्घिकांचा छेद प्रसिद्ध केला. साबणाच्या फेसासारखे चित्र : बुडबुड्यांच्या भिंतींवर दीर्घिका, आत जवळजवळ काही नाही. ५० मेगापार्सेकची विषमता आता कोणी नाकारू शकत नव्हते.

२१/ मग एबलच्या समूहांकडे पुन्हा लक्ष गेले. १९८३ मध्ये नेटा बाकॉल आणि रेमंड सोनेरा यांनी १०४ समूहांना जोड्यांची कसोटी लावली. तेवढ्याच अंतरावर समूहांची आपसांतील दाटी सुट्या दीर्घिकांच्या दाटीहून सुमारे अठरापट निघाली. कोडेच पडले. दीर्घिकांनीच समूह बनतात. मग समूह दीर्घिकांहून अधिक कळपाने का राहतात?

२२/ उत्तर १९८४ मध्ये निक कायझर याने दिले आणि ते वाईकराला घराच्या गच्चीवरून समजेल. लहानसहान टेकड्या जिल्हाभर विखुरलेल्या आहेत. पण समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या वर जाणारेच माथे मोजायचे ठरवले, तर बहुतेक महाबळेश्वर-पाचगणीच्या आसपास, कमळगड आणि पांडवगडाच्या परिसरात दाटलेले सापडतील. कारण तेथे मुळातली जमीनच उंच. तीवरची टेकडी सहज ती मर्यादा ओलांडते. दीर्घिका-समूह हे द्रव्याच्या दाटीचे असेच माथे होत. जेथे विस्तीर्ण प्रदेशच किंचित दाट, तेथे माथे एकत्र येतात.

२३/ या उत्तराचे मोल मोठे आहे. आपण मोजतो ती टिंबे. शोधायचे असते ते टिंबांखालचे भूरूप. ते बहुतांशी कृष्ण द्रव्याचे, न दिसणारे. समूह किती आहेत, किती जड आहेत आणि किती दाटीने आहेत, यावरून आद्य विश्वातील चढउतार आणि द्रव्याचे एकूण प्रमाण काढता येते. नदी पुसलेल्या नकाशावर गावांवरून खोरे ओळखण्याचाच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे ओढणारी शक्ती पाण्याची नसून गुरुत्वाकर्षणाची आहे.

२४/ १९८८ मध्ये पुण्यात आयुका स्थापन झाली. नारळीकर तिचे संस्थापक-संचालक. या जाळ्याचा आकार संख्यांत कसा मांडावा, यावर तेथे मूलगामी काम झाले. वरुण साहनी, सत्यप्रकाश आणि शांडारिन यांनी १९९८ मध्ये महासमूह तंतूसारखा आहे, पापुद्र्यासारखा की गोळ्यासारखा, हे मोजण्याची मापे सुचवली. जोड्यांची कसोटी दाटी सांगते, आकार सांगत नाही. गावे किती जवळ आहेत हे कळले तरी ती नदीकाठी रांगेत आहेत की गढीभोवती गोलात, हे वेगळे विचारावे लागते.

२५/ आणि १९८९ मध्ये केंब्रिजमधला आणखी एक भारतीय विद्यार्थी, सोमक रायचौधुरी, आपल्या परिसरातील एका अतिप्रचंड महासमूहाकडे लक्ष वेधत होता. त्याने त्याला हार्लो शॅप्ली याचे नाव दिले. पुढे हेच रायचौधुरी आयुकाचे संचालक झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत, जुलै २०१७ मध्ये, आयुका व आयसर पुणे यांच्या संशोधकांनी एक शोध जाहीर केला. जॉयदीप बागची निबंधाचे प्रमुख लेखक. शिशिर सांख्यायन तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी, सहलेखकांत रायचौधुरीही होते.

२६/ त्या महासमूहाचे नाव ‘सरस्वती’. मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर. विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांचा. त्यात किमान ४३ समूह. वस्तुमान सुमारे दोन कोटी अब्ज सूर्यांएवढे. स्लोन आकाश सर्वेक्षणाच्या सर्वांना खुल्या असलेल्या नोंदींतून तो सापडला. नवी दुर्बीण लागली नाही. असलेल्या दप्तराचे नवे वाचन लागले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य जपून ठेवावे.

२७/ एवढी मोठी वस्ती म्हणजे ‘विश्व सर्वत्र सारखे’ या गृहीतकाला तडा का? उत्तर पुन्हा संख्याशास्त्रात आहे. जसवंत यादव, जसजीत बागला व निशिकांत खांडाई यांनी २०१० मध्ये गणित मांडले, की प्रचलित प्रतिमानात विश्व सुमारे १२० कोटी प्रकाशवर्षांपर्यंतच्या मापावर एकसारखे दिसू लागले पाहिजे. सरस्वतीचा विस्तार त्याच्या निम्मा. म्हणून ती दुर्मीळ आहे, अशक्य नाही. एक अपवादात्मक वाडा सापडला म्हणून गावाची सरासरी बदलत नाही. मात्र असे वाडे किती, हे मोजत राहिले पाहिजे.

२८/ मोजणी चालूच आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, स्वरूप यांच्याच कल्पनेतून साकारलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. तिच्या सर्वेक्षणाची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली सूची सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची आहे आणि सुमारे ९० टक्के आकाश व्यापते. ज्या मोजणीवरून १९५५ मध्ये जगभर वाद पेटला ती १,९३६ स्रोतांची होती. आज तिच्या तीनशेपट मोठी यादी नारायणगावाजवळच्या माळावरून निघते.

२९/ नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. प्रचलित मताविरुद्धची त्यांची बाजू विज्ञानाने स्वीकारली नाही, आणि त्यांनी ती अखेरपर्यंत पूर्णतः सोडलीही नाही. इतिहास विजेत्यांच्या यादीपुरता वाचला तर १९६१ चे ते भाषण वगळले जाईल. पण मोजणीवरून निष्कर्षाकडे धाव घेणाऱ्यांना ‘तुमचे एकसारखेपणाचे गृहीतक आधी सिद्ध करा’ असे बजावणारा आवाज त्या सभेत हवाच होता. सिद्धांत चुकला, आक्षेप टिकला.

३०/ साधनांशी झगडणाऱ्या प्रत्येकासाठी यात तीन गोष्टी आहेत. मोजण्याचे नियम मोजणीआधी ठरवा. साधनाचा स्वतःचा कल ओळखा. आणि डोळ्यांना दिसलेली रचना योगायोगाशी ताडून पाहा. ताम्रपट असोत, पेशवे दप्तर असो वा दीर्घिका, कसोट्या त्याच.

३१/ पुढे वाचायचे असल्यास विश्वकोश आता संगणकावर मोफत उपलब्ध आहे. त्यात ‘दीर्घिका’ शोधा. नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्रही अवश्य वाचा. आणि तुमच्या तालुक्याच्या नकाशावर गावांची टिंबे कशी पसरली आहेत, नदी, घाटवाट, बाजार की गढी कशाभोवती, हे पाहून खाली लिहा. नकाशे आल्यास त्यांवर पुढचा धागा करू.